चाळीस साड्या आणि माझा शालू



दिवाळीनंतर काही लिहिलं नाही म्हणून दोघी-तिघींनी फोन करून विचारलं, बरं आहे ना? बरं आहे. डिसेंबरभर धाकटीची वाट बघण्यात गेला, एवढंच. परीक्षा संपली की साडेतीन आठवडे सुट्टी. लेक ईटला येईल, अंगणात उन्हाला बसेल, तिच्या डोक्याला तेल चोळीन, असं मनात धरून मी बाजरीचं पीठ, तीळ, गूळ, शेंगदाणे सगळं तयार ठेवलं होतं. ती आली ती शेवटच्या नऊ दिवसांसाठी. तोवर पुण्यातच होती. काम करत होती.

काम म्हणजे मॉडेलिंग. लिहून टाकलं एकदाचं.

ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मैत्रिणीच्या ओळखीत कुणाचं तरी मोबाइलवरून साड्या विकण्याचं दुकान आहे, तिथून सुरुवात झाली. तुम्ही-मी मोबाइलवर साडी बघतो ना, एकच मुलगी, तशीच उभी, फक्त साडी बदललेली, अशा पन्नास साड्या? ती मुलगी. मला वाटायचं यात काय कष्ट आहेत, नटायचं आणि उभं राहायचं. तिनं सांगितलं तेव्हा कळलं. दिवसाला पस्तीस ते चाळीस साड्या. नेसवायला वेगळी बाई असते, ती निऱ्या खोचते, पिना मारते, पाच मिनिटांत साडी उभी. ब्लाउज मापाचं नसतंच, मागून चिमटे लावून आवळतात. मग समोरून, बाजूनं, पाठमोरी, पदर पसरून, काठ हातात धरून. हसायचं तेही प्रत्येक साडीला नवीन. सकाळी नऊला उभी राहिलेली पोर रात्री आठ-नऊपर्यंत उभीच. दिवसाचे साडेतीन हजार, आणि तेही हातात नाही, पंचेचाळीस दिवसांनी खात्यात.

तिच्या बाबांनी आधी "कशाला" म्हटलं, मग खोलीचं भाडं ती स्वतः भरते म्हटल्यावर गप्प बसले. मी मात्र गप्प बसू शकले नाही, कारण मला रोज सकाळी मंदिरात जायचं असतं.

तिथं काय झालं ते सांगते. कुणी वाईट बोललं नाही. पण अभिषेक झाल्यावर पायरीवर बसून एकीनं हळूच विचारलं, "कपडे कसले घालावे लागतात गं?" दुसरीनं विचारलं, "स्थळं बघायची आहेत ना अजून?" आणि तिसरीनं, ती माझ्याच वयाची, थेट १९९५ सालची ती बुटांची जाहिरात काढली. आमच्या पिढीला मॉडेलिंग म्हटलं की तीच आठवते. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, दोघंही आपली मराठी माणसं, अंगावर वस्त्र नाही, पायात बूट आणि गळ्याभोवती अजगर. केवढा गोंधळ झाला होता! खटला चौदा वर्षं चालला, २००९ मध्ये सगळे सुटले. मी घरी येऊन सहज सासूबाईंना हे सांगितलं, तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आणि त्या सापाचं काय झालं?"

मला हसू आलं. पण नंतर कळलं, त्या अजगरावरूनही वन्यजीव कायद्याखाली वेगळी तक्रार झाली होती. आम्हाला सगळ्यांना कपडे आठवत होते, जीव कुणालाच आठवत नव्हता.

सासूबाईंचं डोकं असंच चालतं. नात मॉडेलिंग करते हे ऐकून त्यांनी कपड्यांचा विषयच काढला नाही. कुंथलगिरी आपल्या भूम तालुक्यातच, त्यामुळे त्यांना कुलभूषण-देशभूषणांची कथा तोंडपाठ. दोघे राजपुत्र शिकून घरी परतताना महालाच्या खिडकीत एक मुलगी बघतात, दोघांच्याही मनात विकार येतो, आणि मग कळतं की ती आपलीच धाकटी बहीण. तिथून वैराग्य, दीक्षा, आणि शेवटी मोक्ष. त्या म्हणाल्या, "त्या दोघांनी दोष कुणाला दिला? स्वतःच्या डोळ्यांना. खिडकीतल्या पोरीला कुणी काही म्हटलं का?" मी ही कथा लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलीय, पण कधी त्या मुलीच्या बाजूनं ऐकली नव्हती.

मला वाटलं, चला, सुटले. तेवढ्यात त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "साड्या कशाच्या असतात?"

इथं खरी गोष्ट सुरू होते. सासूबाईंनी रेशीम सोडलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका चातुर्मासात माताजींच्या प्रवचनात ऐकलं आणि त्याच दिवशी नियम घेतला. रेशीमकिडा स्वतःभोवती कोश विणतो. पतंग होऊन तो कोश फोडून बाहेर आला तर धागा तुटतो, म्हणून अखंड धागा मिळवायला आतला जीव जिवंत असतानाच कोश उकळत्या पाण्यात टाकतात नाही तर वाफवतात. एका साडीला असे हजारो कोश लागतात. आता तर आपल्या धाराशिव-बीडकडे कितीतरी शेतकऱ्यांनी तुती लावलीय. उसापेक्षा पाणी कमी, पैसा लवकर. दुष्काळात होरपळलेल्या माणसाला मी कोणत्या तोंडानं नाव ठेवू? पण जीव तो जीव.

मी म्हटलं, "आत्याबाई, ती काही विकत घेत नाही, नेसून फक्त फोटो काढते." त्यांनी जपमाळ उचलून माझ्यापुढे धरली. मैत्रिणींनो, आपण १०८ मणी रोज ओढतो, पण ते १०८ कसे आले हे कितीजणी आठवतो? तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. गुणाकार केला की १०८. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला संमती देणं, तिन्हींचा हिशेब त्यात आहे. "हसून दाखवते ना ती साडी नेसून?" सासूबाई म्हणाल्या. "मग ते काय झालं?"

मी हे सगळं धाकटीला फोनवर सांगितलं. जरा चिडूनच सांगितलं, कारण एवढं शिकवूनही माझ्याच डोक्यात हे आलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "आई, मी चामड्याच्या पर्सचं काम आधीच नाकारलंय. तुला सांगितलं नाही." आणि मग हळूहळू एकेक बाहेर यायला लागलं. मेकअप करणाऱ्याच्या पेटीतल्या लाल लिपस्टिकमध्ये कारमाइन असू शकतं, म्हणजे किडे वाळवून केलेला रंग, म्हणून ती स्वतःची लिपस्टिक नेते. डबाही स्वतःचा, धपाटे आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि काम तर रात्रीपर्यंत. पहिल्या दिवशी उपाशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून दिवे धरणारा एक मुलगा साडेपाच वाजले की ओरडायचा, "ताईला जेवायला सोडा, ऊन चाललं!" तो मुलगा कोण, कुठला, मला माहीत नाही. पण मी त्याला मनातून आशीर्वाद देते.

आणखी एक काम तिनं नाकारलं, त्याचं मला जास्त कौतुक वाटलं. एका उटण्याच्या जाहिरातीत सात दिवसांत गोरं होता येतं असं दाखवायचं होतं. पहिला फोटो काळवंडलेला आणि शेवटचा उजळ, दोन्ही एकाच तासात काढायचे, फरक सगळा दिव्यांचा. दोन दिवसांचे पैसे एका दिवसात मिळणार होते. सावळी व्यक्ती कमी दर्जाची दाखवू नये असे जाहिरातवाल्यांच्या स्वतःच्याच परिषदेचे नियम २०१४ पासून आहेत, आणि फेअर अँड लव्हलीनंसुद्धा २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. पण छोट्या उटण्यांना कोण विचारतो? ती म्हणाली, "आई, हा तर सरळ असत्य व्रताचा भंग झाला." चुकून 'सत्य'च्या जागी 'असत्य' म्हणाली, आणि आम्ही दोघी फोनवर खूप हसलो.

मग आला तो दिवस. सुट्टीतलं सगळ्यांत मोठं काम, लग्नसराईच्या साड्यांचं, तीन दिवस सलग. तिनं आधी विचारलं होतं, "शुद्ध रेशीम आहे का?" "नाही नाही, सगळं सेमी आणि कॉटन," असं उत्तर मिळालं. पहिले दोन दिवस खरंच तसंच होतं. तिसऱ्या दिवशी गठ्ठा उघडला तर मध्ये पैठण्या. अस्सल. नेसवणारी बाई उभी, कॅमेरावाला उभा, दिवे लागलेले. तिच्या नाही म्हणण्यानं सगळ्यांचा दिवस वाया जाणार होता.

ती नेसली.

हे तिनं मला फोनवर सांगितलं नाही. घरी आली, चार दिवस गप्प गप्प. त्यातच वेळ अमावस्या आली. माझं माहेर लातूरकडचं, त्यामुळे हा दिवस मी सोडत नाही. पूजेचं आपल्याकडे नसलं तरी शेतात बसून जेवायचं. भज्जी आपल्या पद्धतीची, कांदा-लसूण नाही, गाजर नाही, तुरीच्या ओल्या शेंगा, वाटाणा, चुका, वालाच्या शेंगा आणि डाळीचं पीठ. आंबील आंबवत नाही, त्याच दिवशीच्या ताज्या ताकात करते. ज्वारी छातीपर्यंत आलेली, वारं गार. जेवताना सासूबाईंनी तिला भज्जी वाढली आणि पोरीनं घास खाली ठेवला.

"आजी, मी रेशीम नेसले."

सासूबाई थांबल्या. "किती?"

"अकरा."

मी श्वास धरून बसले. मला वाटलं आता व्रतभंग, प्रायश्चित्त, काय काय निघेल. सासूबाईंनी तिच्या ताटातली भाकर मोडून आंबिलीत कुस्करली आणि म्हणाल्या, "मी नियम घेतला तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते. तोवरचे मोजलेच नाहीत. तू मोजलेस." मग थोड्या वेळानं, "अकरा माळा कर. पण घास खाली ठेवून नको. आधी जेव, दिवस आहे तोवर."

दोन दिवसांनी आम्ही तिघी कुंथलगिरीला गेलो. खाली खव्याच्या भट्ट्यांचा वास. आता त्या खव्याला जीआय मानांकन मिळालंय, पेढे घेतल्याशिवाय कुणी परत येत नाही. वर आचार्य शांतिसागर महाराजांच्या समाधीपाशी ती बराच वेळ बसली. १८ सप्टेंबर १९५५ ला महाराजांनी इथं देह ठेवला, छत्तीस दिवसांची सल्लेखना. तिथं बसून माझ्या मनात आलं ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. ज्यांनी एक धागासुद्धा अंगावर ठेवला नाही, त्यांच्यापुढे दिवसाला चाळीस साड्या बदलणारी माझी पोर जपाला बसली होती, आणि मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. तिच्या एका माळेत माझं लक्ष चारदा दुसरीकडे गेलं. तिचं गेलं नाही.

परतीच्या वाटेवर तिनं मला विचारलं, "आई, तुझ्या लग्नातला शालू आहे ना अजून?"

आहे. कपाटात, वरच्या खणात, मलमलीत गुंडाळलेला, मध्ये कडुनिंबाची पानं. जांभळा, सोनेरी काठाचा. वडिलांनी कर्ज काढून घेतला होता. सासूबाईंनी नियम घेतला तेव्हा मला म्हटलं नव्हतं की तूही घे, आणि मीही आपणहून घेतला नाही. सणासुदीला काढून उन्हात ठेवते, एकदा अंगाला लावून बघते, परत ठेवते. लेकीला द्यायचा असं कायम मनात होतं. आता तिला कसा देऊ? दुसऱ्या कुणाला दिला तर ती नेसणार, म्हणजे परत अनुमोदनाच. टाकून दिला तर ते जीव उलट आणखी वाया. आणि खरं सांगायचं तर वडिलांचा हात आहे त्यावर, मला तो सोडवत नाही. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तुझा शालू, तुझा हिशेब."

तिचे पैसे अजून आलेले नाहीत, पंचेचाळीस दिवस व्हायचेत. काल रात्री फोन आला होता. मार्चमध्ये परत बोलावलंय, चार दिवसांचं काम.

"विचारलंस का?" मी म्हटलं.

"विचारलं. म्हटलं, प्रत्येक साडीचं सूत लिहून यादी पाठवा, मगच हो म्हणते."

"मग?"

"पाठवतो म्हणाले. अजून आली नाही."