अंगणातली नागभीड गाडी

नागपूर-नागभीड ही अडीच फुटी रुळांवरची गाडी १९०८ साली सुरू झाली आणि रुंद मार्गासाठी २०१९ साली बंद झाली. चांदा-गडचिरोलीच्या रानाकडे जाणाऱ्या आम्हां मंडळींना तिची संथ चाल ठाऊक. आता ती पाहायची, तर अंगणातच मांडायला हवी!

बागेतल्या गाड्यांसाठी ४५ मिलिमीटर अंतराचे रूळ मिळतात. मूळ अंतर ७६२. म्हणजे सारे सतरापट लहान करायचे. साडेपाच फुटी गार्ड चार इंचांचा होतो आणि शंभर फुटी सागवान माझ्याहून जेमतेम दोन बोटे उंच!

नवशिक्याने एक इंजिन, दोन डबे आणि रुळांचे एक कडे एवढ्यावरच थांबावे. खाली मुरूम ठोकून जमीन सपाट करावी. वळण ऐसपैस ठेवावे, नाहीतर डबे घसरतात. रुळांतून वीज दिली तर धुळीने गाडी अडते. बॅटरी इंजिनातच बरी. डबे घरी करायचे असतील, तर आधी नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज संग्रहालय डोळे भरून पाहावे.

रुंद रुळांवरून मुले झटकन नागपूर गाठतील, ते चांगलेच. पण खिडकीतून रान सावकाश मागे सरकते म्हणजे काय, हे त्यांना आता आपल्या चार इंची गार्डानेच सांगायचे आहे.