मला सगळं पाठ होतं!

दोस्तांनो, तुमच्या क्रिकेटच्या टीममध्ये विकेटकीपर किती असतात? एकच ना? बॅट्समन पाच-सहा चालतात, बोलर चार-पाच चालतात, पण ग्लोव्ह्ज घालून यष्टींमागे उभं राहायला जागा एकच. आता समजा, दोन मुलं छान विकेटकीपिंग करणारी आहेत. मग एकाने मैदानात जायचं आणि दुसऱ्याने पाण्याच्या बाटल्या सांभाळत बाहेर बसायचं. त्या दुसऱ्याला काय वाटत असेल हो?

आज मी तुम्हाला अशा दुसऱ्याची गोष्ट सांगणार आहे. खरं म्हणजे दोन दुसऱ्यांची. एक अमेरिकेतला खेळाडू, आणि दुसरे आमच्या घरातलेच चिरंजीव!

साल २०१३. नोकरीच्या निमित्ताने आम्ही अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराजवळ राहत होतो. चिरंजीव बारा वर्षांचे. त्या गावाला वेड एकाच गोष्टीचं – फुटबॉल. पण थांबा, हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्याला तिकडे सॉकर म्हणतात. यांच्या फुटबॉलचा चेंडू असतो अंड्याच्या आकाराचा. तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना चार प्रयत्न मिळतात आणि तेवढ्यात किमान दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. सरकलात, तर पुन्हा चार प्रयत्न. असं करत करत समोरच्या टोकाची रेघ ओलांडली की झाला टचडाऊन. सहा गुण!

या सगळ्यात मोक्याचा माणूस म्हणजे क्वार्टरबॅक. आपल्या बाजूच्या प्रत्येक चालीत चेंडू बहुधा आधी त्याच्याच हातात येतो. कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, की आपणच पळत सुटायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. आणि समोरून धिप्पाड गडी त्याला आडवा पाडायला धावत येत असतात, बरं का! अशी ही जागा. आणि विकेटकीपरसारखीच, एकच.

फिलाडेल्फियाच्या संघाचं नाव ईगल्स, म्हणजे गरुड. पण २०१२ साली या गरुडांचे पंखच गळाले होते. सोळा सामन्यांत बारा हार! चौदा हंगाम संघ सांभाळणारे प्रशिक्षक अँडी रीड यांना जावं लागलं. जानेवारी २०१३ मध्ये नवे प्रशिक्षक आले, चिप केली. ते आले होते ऑरेगन विद्यापीठाच्या संघाकडून. व्यावसायिक संघाला शिकवण्याचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. पण गडी भलताच वेगळा. सरावाच्या वेळी मैदानावर मोठ्याने गाणी लावायचे! एक चाल संपली की दम न खाता लगेच दुसरी, असा त्यांचा झपाटा.

या केलीसाहेबांनी क्वार्टरबॅकच्या जागेसाठी सांगून टाकलं, जागा कुणाचीही ठरलेली नाही. खुली स्पर्धा!

स्पर्धा मुख्यतः दोघांत होती. एक मायकेल व्हिक, वय तेहेतीस. २००१ साली देशभरातून सगळ्यात आधी निवडला गेलेला खेळाडू. वाऱ्यासारखा पळणारा. पुढे त्याच्या हातून वाईट गोष्टही घडली. कुत्र्यांच्या झुंजी लावल्याबद्दल तो तुरुंगात गेला. शिक्षा भोगून आल्यावर २००९ साली ईगल्सने त्याला पुन्हा संधी दिली होती. दुसरा निक फोल्स, वय चोवीस. २०१२ साली ८८व्या क्रमांकावर निवडलेला. उंच, शांत, पण पळण्यात यथातथाच. केलींना हवा वेग, मग याचं कसं जमणार, असं बहुतेकांना वाटत होतं. दोघांनी उन्हाळाभर घाम गाळला. ऑगस्टच्या २० तारखेला केलींनी निकाल सांगितला – व्हिक.

आता येऊ या आमच्या घरात. योगायोग असा, की अगदी त्याच आठवड्यात आमच्याकडेही एक निकाल लागला!

तिथल्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव असे आणि त्यात मुलांचं नाटक. आधीची दोन वर्षं मुख्य भूमिका आमच्या चिरंजीवांकडे. त्या वर्षी बिरबलाच्या खिचडीचं नाटक ठरलं. चिरंजीव आरशासमोर उभे राहून मुजरा घालायला लागले होते. बिरबल म्हणजे मीच, दुसरं कोण? पण नाटकाची जबाबदारी आता एका नव्या काकूंकडे आली होती. त्या म्हणाल्या, "कुणाचंही काम आधीपासून ठरलेलं नाही. सगळ्यांनी वाचून दाखवायचं." सगळ्यांनी वाचलं. आणि बिरबल झाला एक नवीनच आलेला मुलगा. आमच्या चिरंजीवांना मिळालं पडद्याआडून शब्द सांगण्याचं, म्हणजे प्रॉम्प्टिंगचं काम. शिवाय बिरबल आजारी पडलाच, तर राखीव बिरबल.

परतताना गाडीत सगळे गप्प. आणि मग मी तोंड उघडलं. म्हणालो, "पार्शालिटी आहे, दुसरं काय! नवीन माणसं आली की असंच व्हायचं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

दोस्तांनो, मला वाटलं मी त्याची समजूत घालतोय. पण ते वाक्य बोलायला नको होतं. का, ते पुढे सांगतो.

चिरंजीवांनी त्या वाक्याला घट्ट मिठी मारली. "पार्शालिटीच आहे, मग मी कशाला तालमीला जाऊ?" असं सुरू झालं. दोन तालमी बुडवल्या. तिसऱ्या तालमीला गेले ते तोंड फुगवून, आणि नाटकाची वही घरीच विसरून.

सोमवार, ९ सप्टेंबर. गणेश चतुर्थी. सकाळी आमच्याकडे बाप्पा बसले. आणि त्याच संध्याकाळी केलींच्या ईगल्सचा पहिला सामना, वॉशिंग्टनशी! शेजारी एक आजोबा राहायचे, पोस्टातून निवृत्त झालेले. चिरंजीव त्यांना 'आजोबा'च म्हणायचे आणि त्या अमेरिकन म्हाताऱ्याला तो शब्द फार आवडायचा. आम्ही मोदकांचा डबा घेऊन त्यांच्याकडे सामना बघायला गेलो. आजोबांनी मोदक आधी उलटा धरला, मग एकदम तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर आणखी तीन खाल्ले!

सामना सुरू झाला. व्हिक पळत होता, फेकत होता, गरुड भराऱ्या घेत होते. आजोबा सोफ्यावरून उड्या मारत होते. शेवटी ईगल्सने ३३-२७ असा सामना मारला. पण चिरंजीवांचं लक्ष भलतीकडेच. त्यांनी हळूच विचारलं, "आजोबा, तो दुसरा हरला ना स्पर्धेत? निक फोल्स. तो आता रोज करतो काय?"

आजोबा म्हणाले, "काय करतो? सगळं करतो! व्हिकला ठाऊक असलेली प्रत्येक चाल त्यालाही पाठ करावी लागते. सरावात जास्त वेळ व्हिकला मिळतो, मग यानं बघून बघून शिकायचं. कधी कधी तर राखीव खेळाडूला पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घ्यावं लागतं, म्हणजे आपल्याच गड्यांचा सराव चांगला व्हावा म्हणून. आणि हे सगळं करूनही रविवारी कदाचित कुणी त्याला मैदानात बोलावणारच नाही."

"आणि बोलावलंच नाही तर?"

"तर पुढच्या सोमवारी पुन्हा पहिल्यापासून."

चिरंजीव काही बोलले नाहीत. पण त्या रात्री झोपायच्या आधी नाटकाची वही शोधण्याची गडबड मला ऐकू आली. मग पाच दिवस घरात नुसता बिरबल! दात घासताना बिरबल, बसची वाट बघताना बिरबल. बिरबलच कशाला, अकबर, दरबारी, थंडीत कुडकुडणारा तो गरीब माणूस – सगळ्यांचे संवाद. जे काम मिळालं होतं, तेच सगळं शब्द सांगण्याचं होतं ना!

शनिवारी नाटक झालं. तुम्हाला वाटत असेल, आता नवा बिरबल आजारी पडला असणार, आमचे चिरंजीव ऐन वेळी उभे राहिले असणार आणि टाळ्यांचा कडकडाट झाला असणार. गोष्टीत असंच होतं, नाही?

तसं काहीही झालं नाही. तो मुलगा ठणठणीत होता. एक शब्द विसरला नाही. आणि खरं सांगू? फार सुंदर काम केलं त्याने. खिचडीचं मडकं उंच टांगून तो ज्या गंभीर चेहऱ्याने खाली शेकोटी पेटवत होता, त्याला सगळा हॉल हसत होता. मी पण हसलो. आणि हसता हसता मला माझं गाडीतलं वाक्य आठवलं. काकूंनी पार्शालिटी केलीच नव्हती. त्यांनी नीट ऐकून, नीट निवडलं होतं. पार्शालिटी कुणी केली असेल, तर ती मी!

पडद्याच्या कडेला मला चिरंजीवांचा अर्धा चेहरा दिसत होता. हातात वही, पण ती मिटलेली. ओठ मात्र प्रत्येक वाक्याबरोबर हलत होते.

घरी येताना पुन्हा गाडीत शांतता. मग मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, मला सगळं पाठ होतं."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. म्हटलं, "हो रे, मी पाहिलं. आणि त्या दिवशी मी जे बोललो ना, ते चुकीचं होतं." तो म्हणाला, "माहितेय."

आता फोल्सचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. ६ ऑक्टोबरला व्हिकच्या मांडीचा स्नायू दुखावला. फोल्सला बोलावणं आलं आणि ईगल्सने तो सामना जिंकला. पण सगळं सुरळीत नव्हतं बरं का. दोन आठवड्यांनी डॅलसविरुद्ध फोल्स अगदी वाईट खेळला आणि डोक्याला मार लागून बाहेर गेला. मग ३ नोव्हेंबरला ओकलंडमध्ये त्याने एका सामन्यात चेंडू फेकून सात टचडाऊन मिळवून दिले! त्याहून जास्त तोवर कुणालाच जमले नव्हते. त्यानंतर केलींनी उरलेल्या हंगामासाठी जागा त्याला दिली. व्हिकने आदळआपट केली नाही, आपल्या धाकट्या सोबत्याला पाठिंबा दिला. हंगामाच्या शेवटी फोल्सच्या नावावर २७ टचडाऊन होते आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडलेले फेक फक्त दोन. आदल्या वर्षी बारा सामने हरलेला संघ आपल्या गटात पहिला आला.

मग फोल्स कायमचा एक नंबर झाला का? छे! २०१४ मध्ये त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. २०१५ मध्ये ईगल्सने त्याला दुसऱ्या संघाकडे धाडलं. तिथेही जागा गेली. २०१६ साली तर खेळच सोडून द्यावा, असं त्याच्या मनात आलं होतं. २०१७ मध्ये तो ईगल्सकडे परत आला, पुन्हा राखीव म्हणून. डिसेंबरमध्ये मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झचा गुडघा गेला, आणि पुन्हा बोलावणं आलं. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी सुपर बोलच्या अंतिम सामन्यात ईगल्सने न्यू इंग्लंडला ४१-३३ असं हरवलं. ईगल्सचं हे पहिलंच सुपर बोल विजेतेपद! नेहमी चेंडू फेकणारा फोल्स एका चालीत गुपचूप पुढे गेला आणि झेल घेऊन त्याने स्वतःच टचडाऊन केला. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. आणि पुढच्या हंगामात वेंट्झ बरा होऊन आल्यावर? फोल्स पुन्हा बाकावर. २०२४ साली तो निवृत्त झाला.

पण दोस्तांनो, एक लक्षात घ्या. वेंट्झचा गुडघा शाबूत राहिला असता, तर फोल्सला अंतिम सामन्यात कुणी बोलावलंच नसतं. त्याने तयारी मात्र तेवढीच केलेली असती. बोलावणं येणं आपल्या हातात नसतं. पाठ करणं आपल्या हातात असतं.

आणि आईबाबांनो, एवढं एक वाक्य तुमच्यासाठी. मूल निवडलं गेलं नाही म्हणजे अन्याय झालाच, असं चटकन बोलून टाकू नका. खरंच अन्याय झाला असेल, तर जरूर जाऊन विचारा. पण आधी दुसऱ्या मुलाचं काम नीट बघा.

परवा चिरंजीवांना विचारलं, "बिरबलाचे संवाद आठवतात का रे?" आता ते दाढीमिशावाले गृहस्थ झाले आहेत. हसले, आणि उभ्या उभ्या पहिला प्रवेश म्हणून दाखवला. अकबरासकट!