अहमदाबादची बाजारपेठ आणि आमची परीक्षा

पांढरपेशा घरांतून व्यापाराविषयीं दोन समज फार दिवसांपासून नांदत आहेत. एक असा कीं, व्यापार रक्तांत असावा लागतो, तो शिकून येत नाहीं. आणि दुसरा असा कीं, माल खपविणें म्हणजे थोडेंफार खोटें बोलणेंच होय. आतां याच घरांतील मुलें व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्या घेऊं लागलीं आहेत, तरी वडीलधाऱ्यांच्या मनांतून हे समज पुरते गेलेले नाहींत. गेल्या हिवाळ्यांत एका स्पर्धेच्या निमित्तानें आम्हां तिघां विद्यार्थ्यांस पुण्याहून अहमदाबादेस जाण्याचा योग आला. तेथें जें पाहिलें व जो प्रसंग आमच्यावर आला, त्याची हकीगत या दोन्ही समजांच्या संबंधांत वाचकांस उपयोगी वाटेल, म्हणून ती येथें देत आहों.

प्रथम स्पर्धेविषयीं दोन शब्द. घरगुती वापराचा माल करणाऱ्या एका मोठ्या कंपनीनें व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांपुढें आपल्या धंद्यांतील एक अडचण ठेवली होती. अशा अडचणीच्या लेखी हकीगतीस या शास्त्रांत ‘केस’ म्हणतात. कपडे धुण्याचा द्रवरूप साबण दहा रुपयांच्या लहान पाकिटांत काढावयाचा कंपनीनें निश्चय केला होता. तो लहान गांवांतून कसा खपवावा, याची योजना तीन आठवड्यांत करावयाची होती. निवडलेल्या संघांनीं अहमदाबादेस परीक्षकांपुढें वीस मिनिटें बोलावयाचें व मग प्रश्नांस उत्तरें द्यावयाचीं. बक्षिसाच्या रकमेहून मोठें आमिष हें कीं, विजयी संघास त्याच कंपनींतील नोकरीच्या अखेरच्या मुलाखतीस थेट बोलावणें येई. आमच्यापैकीं एकाच्या शिक्षणासाठीं बँकेचें कर्ज काढलेलें होतें. त्याच्या दृष्टीनें या आमिषाची किंमत आम्हां दोघांपेक्षां पुष्कळच अधिक होती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशीं पहांटे आम्ही अहमदाबादेस उतरलों. दिवस मोकळा होता. ज्या संस्थेंतून ही ‘केस’ पद्धति आपल्या देशांत रुजली, ती प्रथम पाहावी असें ठरवून आम्ही परवानगी काढून वस्त्रापूर भागांतील भारतीय व्यवस्थापन संस्थेंत गेलों. विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई प्रभृतींच्या उद्योगानें १९६१ सालीं ही संस्था निघाली, व आरंभीं तिला अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारशाळेचें साहाय्य होतें. इमारतीची योजना लुई कान या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाची. गिलाव्यावांचूनच्या लाल विटा, भिंतींतून कोरल्यासारखीं प्रचंड वर्तुळें, आणि त्यांतून आंत येणारा प्रकाश! दुपारच्या उन्हांतही ओवऱ्यांतून गारवा वाटतो. या कामांत कानचे सहकारी असलेले बाळकृष्ण दोशी हे मूळचे पुण्याचे. त्यांचा जन्म तेथें १९२७ सालीं झाला. पुण्याच्या माणसास हें ऐकून थोडा अभिमान वाटल्यास नवल नाहीं. कान १९७४ सालीं वारले, तेही याच शहराहून परत जातांना, न्यूयॉर्कच्या रेल्वेस्टेशनावर.

हार्वर्डची व्यापारशाळा १९०८ सालीं स्थापन झाली. कायद्याच्या शाळेंत निकाल वाचून कायदा शिकवीत, त्याच धर्तीवर तेथें धंद्याच्या हकीगती वाचून धंदा शिकविण्याचा प्रघात पडला. शिक्षक व्याख्यान देत नाहीं. तो प्रश्न विचारतो, आणि विद्यार्थ्यानें स्वतःस मालकाच्या गादीवर कल्पून निर्णय द्यावयाचा. पद्धति उत्तम खरी. परंतु तिच्यांत एक उणेपणा राहतो. हकीगत लिहिणारानें जें पाहिलें तेवढेंच कागदावर येतें, आणि जें त्यानें पाहिलें नाहीं तें वर्गांत बसून कितीही तर्क केला तरी सांपडत नाहीं.

तिसऱ्या प्रहरीं आम्ही साबरमती ओलांडून जुन्या शहरांत गेलों. १४११ सालीं अहमदशहानें वसविलेल्या या नगरीस २०१७ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला. अरुंद पोळी, त्यांतील कोरीव लांकडी घरें, पक्ष्यांसाठीं उभारलेले चबुतरे हें सर्व पाहत आम्ही तीन दरवाजापाशीं आलों. १७५३ पासून १८१७ पर्यंत, मधला थोडा काळ वगळल्यास, येथील सत्ता पेशवे व गायकवाड यांच्याकडे होती. त्या अमलांतील सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांच्या १८१२ सालच्या हुकुमाचा देवनागरी शिलालेख या वेशीवर आहे. मुलींस बापाच्या मिळकतींतील हिस्सा विनाअडथळा मिळावा, असा त्याचा आशय. ज्या दारांतून सारा बाजार जातो तेथेंच हुकूम कोरविण्यांत सुभेदारांचें व्यवहारज्ञान दिसतें.

पुढें माणेकचौक. येथें दिवसा सोन्याचांदीची उलाढाल चालते, आणि दुकानें बंद झालीं कीं त्याच जागीं खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. याच शहरांत १९६९ सालीं करसनभाई पटेल नांवाच्या सरकारी खात्यांतील एका रसायनशास्त्रज्ञानें घरच्या घरीं धुण्याची पूड तयार केली व सायकलवरून दारोदार विकली. किलोची किंमत सुमारें तीन रुपये. नामांकित विलायती कंपनीची पूड त्याच्या कितीतरी पट महाग. ‘निरमा’चा हा इतिहास आज व्यापारशाळांतून शिकविला जातो. स्वस्ताई हें त्या यशाचें एक कारण खरेंच. पण ज्या बाईस माल घ्यावयाचा, तिच्या दारांत स्वतः जाऊन विकणाऱ्यास तिची गरज प्रत्यक्ष दिसते, हेंही त्यांतून घेण्यासारखें आहे.

आम्हींही पुणें सोडण्यापूर्वीं तेंच केलें होतें. कंपनीनें पाठविलेलीं नमुन्याचीं पाकिटें घेऊन आम्ही सासवड व त्याच्या आसपासच्या चार गांवांतून हिंडलों. एका नळावर धुणें धूत असलेल्या मावशींस आम्हीं पाकीट दिलें. त्यांनीं तें फोडलें, तळहातावर ओतलें, आणि निम्मा साबण दगडावरून वाहून गेला. त्या म्हणाल्या, “पोरांनो, हें ओतायचं कुठं? बादलींत ओतलं तर कॉलर घासायला पुन्हां वडी लागतेच.” दोन्हीचा खर्च कोण करणार? ज्या घरांत धुण्याचें यंत्र आहे तेथें द्रव साबण सोयीचा. हातानें धुणाऱ्या घरांत वडीच खरी. ज्या घरांस आम्हीं नमुने दिले, त्यांपैकीं दोघांनींच दुसरें पाकीट मागितलें. माणेकचौकाजवळच्या एका किराणा दुकानांत पाकिटांच्या माळांखालीं बसलेल्या वृद्ध शेठजींस आम्हीं हें सांगितलें. ते हिंदींत म्हणाले, “पहिलें पाकीट जाहिरात विकते. दुसरें कोण विकणार?”

त्या रात्रीं उतरल्या जागीं आमच्यांत वाद झाला. पुराव्यावरून आमचें मत असें बनलें होतें कीं, हा माल लहान गांवांत आज पाठवूंच नये. कर्जवाला सोबती म्हणाला, “त्यांनीं विचारलं आहे, कसं खपवावं. आपण सांगणार, खपवूं नये. प्रश्नच चुकला म्हणणाऱ्याला कोणता परीक्षक गुण देतो?” त्याचें म्हणणें वावगें नव्हतें. दोन्ही बाजूंचीं भाषणें तयार करून ठेवण्यासही वेळ होता. शेवटीं आम्हीं निर्णय त्याच्यावरच सोपविला. कारण नुकसान झालेंच तर अधिक त्याचें होणार होतें. त्यानें घरीं फोन केला. वडील तालुक्याच्या गांवीं शिक्षक. त्यांनीं सर्व ऐकून एवढेंच सांगितलें, “ते तुमच्या शब्दावर पैसे घालणार आहेत, हें लक्षांत ठेव आणि काय तें तूंच ठरव.” फोन ठेवून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “जें पाहिलं तेंच सांगूं. पण तें मी सांगेन.”

दुसऱ्या दिवशीं एका हॉटेलच्या सभागृहांत त्यानें तें सांगितलें. सभागृहांत थोडी चुळबुळ झाली. एका परीक्षकानें विचारलें, “पाकिटें भरण्याचीं यंत्रें विकत घेऊन झालीं आहेत. उद्यां मी संचालकांना काय सांगूं?” आमचा सोबती म्हणाला, “साहेब, पाकीट तेंच राहूं द्या. तें धुण्याचीं यंत्रें विकणाऱ्या दुकानांत नमुना म्हणून ठेवा. नवें यंत्र घेणारा तें घेईल, आणि आवडलं तर मोठी बाटली मागेल. गांवांत मात्र वडीच सुधारा.” दुसऱ्यानें विचारलें, “चार गांवांवरून साऱ्या देशाचा निकाल कसा लावतां?” तो म्हणाला, “लावीत नाहीं, साहेब. म्हणूनच निरनिराळ्या प्रांतांतील चार-पांच तालुक्यांत आधीं विकून पाहा आणि दुसरं पाकीट किती घरं नेतात तें मोजा, एवढंच मागतों.”

पहिलें बक्षीस दक्षिणेकडील एका संघास मिळालें. आठवडे बाजार व स्त्रियांचे बचतगट यांच्याद्वारें विक्री करण्याची त्यांची योजना खरोखर नेटकी होती, आणि विचारलेल्या प्रश्नास ती धरून होती. आम्हांस दुसरें मिळालें. मुलाखतीचें बोलावणें अर्थात् नाहीं. आमच्या सोबत्यास पुढें दुसरीकडे, नेहमींच्या रीतीनें परीक्षा देऊन, नोकरी लागली. कर्जाचे हप्ते त्याचे चालू आहेत. तें पाकीटही बाजारांत आलें, आणि सासवडच्या दुकानांतून त्याच्या माळा आज टांगलेल्या दिसतात.

ज्या घरांतील मुलामुलींस या विद्येकडे जावयाचें असेल, त्यांच्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती कीं, पुस्तकांच्या आधीं त्यांस महिनाभर एखाद्या ओळखीच्या किराणा दुकानांत बसूं द्यावें. आणि अहमदाबादेस जाणें झालेंच, तर विटांची ती विद्यानगरी व माणेकचौक हीं दोन्ही स्थळें एकाच दिवशीं पाहावींत.