नऊ क्रमांकाचा खेळाडू

फुटबॉलचा सामना पाहताना माझी दृष्टी पुष्कळदा चेंडूवरून ढळते आणि ज्यांच्या पायांशी चेंडू नाही अशा खेळाडूंकडे वळते. कोण कोठे सरकला, कोणी कोणासाठी वाट मोकळी केली, हे न्याहाळण्यात मला विशेष गोडी वाटते. ही गोडी मला हंगेरीच्या राष्ट्रीय संघाने लावली. त्या संघाच्या एका सामन्याची जुनी चित्रफीत मी कितीदा तरी पाहिली आहे.

तो सामना २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनमधील वेम्बली मैदानावर इंग्लंडविरुद्ध झाला. इंग्लंड म्हणजे या खेळाचे माहेरघर. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही संघाने तोवर इंग्लंडला त्याच्या भूमीवर हरवले नव्हते. त्या काळी पाठीवरच्या क्रमांकावरून खेळाडूची जागा ओळखत. नऊ क्रमांकाच्या गड्याने आघाडीच्या मध्यभागी राहायचे आणि प्रतिपक्षाच्या मध्यरक्षकाने त्याच्यावर पहारा ठेवायचा, असा रिवाजच होता. हंगेरीच्या हिदेगकुतीच्या पाठीवर नऊचा आकडा होता खरा; परंतु तो आघाडी सोडून मागे सरके. इंग्लंडचा मध्यरक्षक जॉन्स्टन मोठ्या पेचात सापडला. हिदेगकुतीच्या मागोमाग जावे, तर गोलासमोरची जागा ओस पडे आणि तीत पुश्काश व कोचिश शिरत. जागेवरच थांबावे, तर हिदेगकुती मोकळेपणाने खेळाची सूत्रे हलवी. त्याने पहिल्याच मिनिटात गोल केला आणि पुढे आणखी दोन केले. हंगेरीने ६-३ असा विजय मिळवला.

त्याच सामन्यात कर्णधार पुश्काशने डाव्या पायाच्या तळव्याने चेंडू अलगद मागे ओढला. त्याला अडवण्यासाठी झेपावलेला बिली राइट रिकाम्या जागेवरून घसरत गेला आणि पुढच्याच क्षणी चेंडू जाळ्यात विसावला! अशी गोष्ट फळ्यावर आखून देता येत नाही. तरीही तिच्यामागे मोठी तयारी होती. प्रशिक्षक शेबेश यांनी मुद्दाम इंग्लंडमधील चेंडू मिळवून संघाकडून सराव करून घेतला होता. एकाने जागा सोडली की दुसऱ्याने ती भरायची, हे साऱ्यांच्या अंगवळणी पडले होते. आपली जागा सांभाळणारा सोबती मागे आहे, ही खात्री असली म्हणजेच माणूस काही नवे करून पाहण्यास धजतो.

पुढे ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. चार वर्षांहून अधिक काळ अजिंक्य राहिलेल्या हंगेरीने पहिल्या आठ मिनिटांतच दोन गोल केले. पण पश्चिम जर्मनीने तो सामना ३-२ असा जिंकला. दोनच आठवड्यांपूर्वी हंगेरीकडून ३-८ अशी हार खाल्लेल्या जर्मनांनी या वेळी हिदेगकुतीच्या मागावर आपला एक खेळाडू ठेवला होता. एकाची युक्ती दुसऱ्याला कळली की तिचा उतारा निघतो. मग पुन्हा नवी युक्ती शोधावी लागते.

मग हंगेरीचा तो खेळ वाया गेला काय? मला तसे वाटत नाही. वीस वर्षांनी, १९७४ च्या विश्वचषकात, नेदरलँड्सचे रक्षक चढाईला जात आणि त्यांच्या जागा सोबती सांभाळत. तो संघही अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडूनच हरला. पण त्याचा खेळ लोक विसरले नाहीत.

नऊ क्रमांकाचा खेळाडू मागे सरकताना तुम्हांला दिसला, तर तो भ्याला असे समजू नका. त्याने सोडलेल्या जागेकडे कोण धावत आहे, तिकडे पाहा.