काचेच्या पेटीतील खाडी

गोदावरीच्या कालव्यावर ज्यांची शेते व पेरूच्या बागा पोसल्या, त्या राहाता परिसरातील लोकांस गोड्या पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको. खाऱ्या पाण्याशी मात्र आपला संबंध काय, असे पुष्कळांस वाटते. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आणि खाडी डोळ्यांनी पाहिलेले विद्यार्थी आपल्यात थोडेच. तरी गेली तीन वर्षे आम्ही आपल्या घरी एक लहानशी खाडी काचेच्या पेटीत बाळगून आहोत. तिने आम्हांस जे शिकविले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पेटीत दोनशे लिटर पाणी मावते. तीत कालुंदर जातीचे चार लहान मासे आहेत. हा मासा कोकणच्या खाड्यांतला. अंगावर मोत्यासारखे ठिपके व काळसर पट्टे असतात, आणि नर व मादी मिळून पिलांची राखण करितात. नदीचे गोड पाणी व समुद्राचे खारे पाणी जेथे मिसळते, त्या मचूळ पाण्यात त्याचा संसार. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्या पेटीत ते १० ग्रॅम ठेविले आहेत.

कोणी म्हणेल, खाडीत तर भरती-ओहोटीबरोबर खारेपणा दिवसातून कितीदा तरी बदलतो. मग पेटीत एवढी काळजी कशास? शंका रास्त आहे. परंतु खाडीतला मासा पाण्याबरोबर वर-खाली सरकतो व आपणास मानवेल ती जागा गाठतो. पेटीतल्या माशास चार काचांपलीकडे जागा नाही. माशाच्या रक्तातील क्षार समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश असतात. गोड्या पाण्यात बाहेरचे पाणी त्याच्या अंगात शिरू पाहते, व ते त्यास मूत्रावाटे सारखे बाहेर टाकावे लागते. खाऱ्या पाण्यात उलट अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. तेव्हा तो पाणी पितो, आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर काढितो. एका रीतीवरून दुसऱ्या रीतीवर येण्यास शरीरास अवधी लागतो. कालुंदर सावकाश झालेला बदल सोसतो. एकाएकी झालेल्या बदलाने तोही हैराण होतो. शिवाय माशांची घाण पचविणारे जे सूक्ष्म जंतू गाळणीत वस्ती करून असतात, त्यांसही असा धक्का मानवत नाही.

आता मुख्य मुद्दा असा की, पाणी वाफ होऊन उडते, मीठ उडत नाही. विद्यार्थ्यांनी हा हिशेब करून पाहावा. दोनशे लिटरांत लिटरास १० ग्रॅम, म्हणजे एकंदर दोन किलो मीठ. आपल्याकडे चैत्र-वैशाखात आठवड्यास वीस लिटर पाणी सहज आटते. राहिलेल्या १८० लिटरांत मीठ दोन किलोच. ही तूट कोणी खाऱ्याच पाण्याने भरून काढिली, तर दर खेपेस दोनशे ग्रॅम मीठ वाढेल, व चार आठवड्यांत १० चे १४ होतील. म्हणून आटलेले पाणी नेहमी गोड्या पाण्याने भरावे. आणि घाण काढण्यासाठी जे पाणी आपण स्वहस्ते उपसतो, तेवढेच मिठाच्या पाण्याने भरावे. सगळी किल्ली ह्या दोन वाक्यांत आहे.

क्रमही सांभाळावा लागतो. आम्ही काचेवर एक रेघ ओढून ठेविली आहे. आधी त्या रेघेपर्यंत गोडे पाणी हळूहळू घालितो, ते सर्वत्र मिसळू देतो, मग घनतामापक सोडून आकडा वहीत टिपितो. शुद्ध पाण्यात तो १.००० दाखवितो, समुद्रात सुमारे १.०२५, व आमच्या पेटीत १.००७ च्या आसपास. मापकास बुडबुडे चिकटले तर तो वर उचलला जातो, आणि पाणी तापले तर आकडा उतरतो. यास्तव मोजणी नेहमी सारख्याच उष्णतेच्या पाण्यात करावी. त्यानंतर वीस लिटर पाणी नळीने काढून तितकेच नवे घालितो. हे नवे पाणी आदल्या दिवशी निराळ्या पिंपात दोनशे ग्रॅम मीठ विरघळवून तयार केलेले असते. कोरडे मीठ पेटीत कधीही टाकू नये. स्वयंपाकाचे मीठही चालत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी क्षारही असतात, म्हणून मत्स्यालयासाठी बनविलेले सागरी मीठ घ्यावे लागते.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, ते ऐन समुद्रकाठी. आमच्यापाशी विहीर. तिच्या पाण्यातही मूळचे क्षार असतात, व तेही मागेच राहतात. म्हणून तूट भरण्यास आम्ही पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी झाकून ठेवितो.

हा हिशेब ऐकून शेजारचे एक वृद्ध शेतकरी म्हणाले, “अहो, आमच्या खालच्या रानात दुसरं काय झालं? पाणी देत गेलो, पाणी उडून गेलं, खार तेवढा वर बसला.” त्यांचे म्हणणे यथार्थ होते. दख्खनच्या कालव्यांखाली ही आपत्ती फार जुनी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास आपल्या सहकाऱ्यासह १९१० सालीच प्रसिद्ध केला होता. कालव्याच्या पाण्यातही थोडे क्षार असतातच. भरमसाट पाण्याने जमिनीखालील पाणी वर चढते, ते आपल्याबरोबर क्षार आणिते, आणि उन्हाने उडून जाताना ते मातीवर टाकून जाते. पेटीतून मीठ जाते ते केवळ उपसलेल्या पाण्याबरोबर. शेतातून जाते ते चरावाटे निचरा होणाऱ्या पाण्याबरोबर. दुसरी वाट दोहोंसही नाही.

आमच्या घरची मुले आता दर रविवारी स्वतः आकडा वाचतात व वहीत लिहितात. कंटाळा आला म्हणून एखादा रविवार चुकवू नये, हे त्यांस फारसे सांगावे लागत नाही. ज्या जिवास अथवा ज्या मातीस आपली जागा सोडून जाता येत नाही, तिच्या पाण्याचा हिशेब पाणी घालणाऱ्यानेच ठेवावयाचा असतो.