ह्याला कोण बघल?

२०१८ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पुण्यात धायरीच्या एका मोठ्या बांधकामावर, मजुरांच्या वस्तीत, मी रोज सकाळी दोन तास शिकवायला जात होते. नुकतीच बँकेतून निवृत्त झाले होते. पत्र्याच्या खोलीत वीस-बावीस मुलं बसायची. एक मुलगी मात्र कधी आत आली नाही. कमरेवर दहा महिन्यांचा भाऊ घेऊन ती दारात उभी राहायची आणि मी फळ्यावर लिहीन ते अक्षर बोटानं भावाच्या पाठीवर गिरवायची.

वय नऊ. आई तिला "मोठे" म्हणून हाक मारायची. मीही तेच म्हणू लागले.

कुटुंब मुखेड तालुक्यातलं. दोन एकर कोरडवाहू जमीन. बोअर पाडला, पाणी लागलं नाही, कर्ज तेवढं राहिलं. मुकादमाकडून उचल घेतली ती नवरा-बायको दोघं काम करणार या बोलीवर. मोठीच्या वरचा बारा वर्षांचा भाऊ गावात आजीपाशी राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत जात होता. म्हणजे या घराला शिक्षणाची किंमत कळत नव्हती असं मुळीच नाही. एका लेकराचं शिक्षण त्यांनी पोटाला चिमटा काढून चालवलं होतं. दुसऱ्याचं चालवायला हात उरला नव्हता, आणि ते दुसरं लेकरू मुलगी होती. याचा मला राग यायचा, आजही येतो. पण तो राग मी त्या आईवर काढला, ते चुकलं.

मी तिला कायदा सांगितला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, दाखला नसला तरी शाळेत घ्यावंच लागतं, वयाप्रमाणे वर्गात बसवतात. घमेलं खाली ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमी म्हणता ते खरं हाय. पर ह्याला कोण बघल?"

मी म्हटलं, होईल काहीतरी. आठवड्यानं मीच मोठीला शाळेत घेऊन गेले, नाव घातलं. तिचा बाप कागदावर अंगठा उठवायला अर्धा दिवस खाडा करून आला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ हौदाच्या काठावर सापडलं. आईनं त्याला सेंट्रिंगच्या बल्लीला झोळी बांधून निजवलं होतं. जागं होऊन ते झोळीतून सरकलं आणि ओल्या विटांवरून रांगत गेलं. एका गवंड्यानं पाहिलं म्हणून वाचलं. चौथ्या दिवशी मोठी पुन्हा दारात उभी होती, कमरेवर भाऊ. आई मला एक शब्द बोलली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलीला कामाला लावायचं की शाळेत घालायचं, असा प्रश्न त्या बाईपुढे कधी नव्हताच. मोठी एक रुपयाही कमावत नव्हती. पण ती भावाला सांभाळायची म्हणून आईची रोजी सुरू होती, आणि त्या रोजीतून उचल फिटत होती. २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच धंद्यांत कामावर ठेवायला बंदी आली. पण मोठीला कुणी कामावर ठेवलंच नव्हतं. बंदी कुणावर घालणार?

धायरीहून खडकवासला धरण जवळच. त्या धरणाच्या कामाला माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांत जोतीराव फुले होते. मजुरांचं जिणं त्यांनी जवळून पाहिलं होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितलं की गरिबांना गुरं राखायला आणि शेत बघायला मुलं लागतात, म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही. शिष्यवृत्त्या, बक्षिसं असं काही हातात पडलं पाहिजे. शाळेनं घराचा जो हात काढून घेतला, त्याची भरपाई झाली पाहिजे. एवढी साधी गोष्ट मला हौदाकाठी कळली.

बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती: पन्नासहून अधिक बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली. आमच्या साइटवर बायका तिसेक. मग आम्ही दोघी-तिघी इंजिनिअरच्या मागे लागलो आणि सिमेंटच्या गोदामाशेजारची एक खोली मिळवली. वस्तीतल्याच एका म्हाताऱ्या आजींना महिन्याच्या पगारावर बसवलं. पैसे आम्ही वर्गणीनं काढले. नऊ तान्ही मुलं आली. पुढच्या सोमवारी मोठी शाळेत गेली, आणि तिच्याबरोबर आणखी चार मुली, ज्या माझ्या पटावर कधी नव्हत्याच.

मार्चमध्ये शेवटचा स्लॅब पडला आणि कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं. जाताना मोठीला जोडाक्षरं वाचता येत होती. नव्या साइटवर पाळणाघर नव्हतं.

तुम्ही पुण्यात फ्लॅट बघायला जाल तेव्हा सँपल फ्लॅट दाखवतील, क्लब हाउसची जागा दाखवतील. तिथे उभं राहून एकदा विचारा: इथल्या बायकांची तान्ही मुलं दिवसभर कुठे असतात? आणि ती जागा बघितल्याशिवाय बुकिंगचा चेक देऊ नका.