शब्दांवाचूनचं गाणं

वाद्यावर वाजवलेलं गाणं हे गाणं नव्हेच, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत आलो. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं चालू असताना लावायला ठीक. व्हायोलिनवादक प्रभाकर जोगांचा ‘गाणारं व्हायोलिन’ हा अल्बम घरात होता, पण मी तो मन लावून कधी ऐकला नाही. गाणं मुळात दुसऱ्याचं, त्यातून शब्दही काढलेले. मग उरलं काय? न ऐकताच मी निकाल देऊन टाकला होता. ही रसिकता नव्हती, निव्वळ हट्ट होता.

त्याला तडा गेला एका मित्राच्या घरी. त्यानं राय कूडरचा ‘बॉप टिल यू ड्रॉप’ लावला होता. ब्लूज आणि लोकसंगीतात मुरलेल्या या अमेरिकन गिटारवादकाचा १९७९ सालचा अल्बम. जवळजवळ सगळी गाणी इतरांची, जुन्या सोल आणि रिदम अँड ब्लूजमधली. त्यातलं एक आइक आणि टीना टर्नर यांनी १९६१ साली गाजवलेलं द्वंद्वगीत. कूडरनं ते नुसतं गिटारवर वाजवलंय. बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवली, की सूर मींड घेत पुढे जातो. तो नेमक्या जागी थेट उतरत नव्हता. जरा खालून, अदमास घेत वर येत होता. बोलता बोलता कुणी थांबावं, समोरच्याचा चेहरा पाहावा आणि मग उरलेलं वाक्य पुरं करावं, तसं. मूळ गाण्याचे शब्द मला ठाऊक नव्हते. तरी कुणीतरी कुणाची तरी समजूत काढतंय, हे स्पष्ट कळत होतं. मी मित्राला ते पुन्हा लावायला सांगितलं.

आणि मग मलाच प्रश्न पडला. इथं शब्द नाहीत, ही तक्रार मी का केली नाही? परक्या वादकाला जे सहज दिलं, ते पुण्याच्या जोगांना का नाकारलं? उसन्या गाण्याचं म्हणाल, तर नाथषष्ठीला पैठणात तोच अभंग निरनिराळ्या दिंड्यांत निरनिराळ्या चालींत ऐकू येतो. तिथं मूळ चाल कुणाची, असं मी कधी विचारलेलं नाही.

घरी येऊन जोग ऐकले. सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाला जोगांचीच व्हायोलिनची साथ असायची. गाण्यातले शब्द या माणसाच्या हातात मुरलेले. शब्द संपतो तिथं गज वळतो. अक्षर लांबतं, तेव्हा एकाच गजात सूर तोलून धरलेला असतो. जे शब्द काढून टाकलेत म्हणून मी नाक मुरडलं, ते त्यांनी अक्षरागणिक सांभाळले होते.

जोग २०२१ साली गेले. पुण्यात शिकायला होतो, तेव्हा त्यांचा कार्यक्रम ऐकणं सहज शक्य होतं. मित्र बोलवायला आले होते, तरी मी गेलो नाही.